रंगरुटाला आणि त्याच्या घरच्यांना लागणारी फौजी बोली

चंदगड, आजरा, गडहिंग्लजपासून शिरोळातल्या सैनिक टाकळीपर्यंत, पारावर एखादा पेन्शनर फौजी बसलेला नाही असं गाव कोल्हापूर जिल्ह्यात विरळाच. 'रगडा', 'लंगर', 'पलटण' हे शब्द इथल्या पोरांच्या कानावर लहानपणापासून असतात. तरी सेंटरला, म्हणजे फौजेच्या प्रशिक्षण केंद्रात, गेल्यावर पहिले पंधरा-वीस दिवस बहुतेकजण भाषेतच अडखळतात. पारावरची बोली गप्पांची असते, सेंटरला लागते ती कामाची.

फौजेत तीन भाषा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. हुकूम हिंदीत. कागद इंग्रजी आद्याक्षरांत: एएल (वार्षिक रजा), एमएच (मिलिटरी हॉस्पिटल), सीएचएम (कंपनी हवालदार मेजर). आणि रात्री बराकीत पोरापोरांत मराठी, तीही गावागावाची. शब्द पाठ नसले तरी चालतं, ते महिन्याभरात आपोआप बसतात. गोत्यात आणते ती एका जागेची भाषा दुसऱ्या जागी नेण्याची सवय. बराकीतलं 'काय भावा' परेडच्या मैदानावर तोंडातून निघालं की पुढचा अर्धा तास कोपरांवर रांगण्यात जाणार हे नक्की.

मैदानावरची भाषा

भरतीच्या मैदानावरचे शब्द अजून फौजेचे नाहीत, ते भरतीवाल्या पोरांचे आणि अकॅडम्यांचे आहेत. 'सोळाशे' म्हणजे १६०० मीटरची धाव. साडेपाच मिनिटांच्या आत आला तो 'एक्सलंट', त्याला ६० गुण. 'बीम' म्हणजे पुलअप. १० पूर्ण काढले की ४० गुण. खालच्या गटांच्या वेळा आणि गुण भरतीच्या नोटिफिकेशनप्रमाणे बदलतात, म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या दोस्ताच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षीचं पत्रक वाचा. बीम कापले जातात ते ताकद कमी पडल्यामुळे कमी आणि खाली येताना हात पुरते सरळ न केल्यामुळे जास्त. हनुवटी दांडीच्या वर आणि खाली कोपरं सरळ, तरच तो धरतात. घरी १३-१४ निघत असतील तर मैदानावर १० मोजले जातील असा हिशोब ठेवावा. ९ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स यांना गुण नाहीत, पण दोन्ही पार करावेच लागतात.

मेडिकलमध्ये कानावर येणारा सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'टीएमआर', म्हणजे तात्पुरता नाकारलेला. पोरं तो ऐकतात, आपलं संपलं असं समजून एसटी धरतात आणि तिथंच चुकतात. टीएमआर मिळालेल्याला चिठ्ठी मिळते. चिठ्ठीत ज्या एमएचचं, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलचं नाव असेल तिथं दिलेल्या तारखेच्या आत फेरतपासणीला हजर व्हायचं असतं. तारीख हुकली की मग खरंच संपलं. 'वॅक्स' म्हणजे कानातला मळ. डॉक्टरला पडदा दिसत नाही म्हणून यावर पोरं अडकतात. रॅलीच्या आठवडाभर आधी कान डॉक्टरकडून साफ करून घ्यावेत, घरी काडी घालून नव्हे. काडीनं मळ आत ढकलला जातो आणि पडद्याला ओरखडा आला तर नवं कारण तयार होतं.

कुणाला काय म्हणायचं

सेंटरला, म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला, पाऊल टाकल्यापासून तुम्ही 'रंगरूट'. 'जवान' हा शब्द कसम परेडनंतर. शिकवणारा तो 'उस्ताद', मग तो तुमच्याच गावचा, नात्यातला असो. गावचा आहे म्हणून 'दादा' किंवा 'तात्या' म्हटलं तर अवघड त्याचंच होतं, कारण सगळ्या प्लाटूनसमोर, म्हणजे तुकडीसमोर, त्याला तुम्हालाच जास्त पळवावं लागतं.

उजव्या बाहीवरच्या फिती मोजायला पहिल्याच दिवशी शिका. एक फीत लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. खांद्यावर तारे आले की नायब सुभेदार, सुभेदार, आणि अशोकचिन्ह असलेले सुभेदार मेजर. हे तिघं जेसीओ, यांना जवानांपासून अफसरांपर्यंत सगळे 'साहब' म्हणतात. अफसरांना 'सर' किंवा 'साहब'. आणि परेडवर, रिपोर्ट देताना, परवानगी मागताना सगळ्यांना चालणारा शब्द म्हणजे 'श्रीमान'. रँक ओळखता आली नाही तर 'श्रीमान' म्हणा, सहसा चुकत नाही. होकाराला आपलं 'व्हय' किंवा नुसती मान हलवणं बंद. 'जी श्रीमान' किंवा 'ठीक है श्रीमान'. 'समझ गए?' असं विचारलं आणि समजलं नसेल तर 'नहीं श्रीमान' म्हटलेलं उस्तादांना चालतं. समजल्याचं सांगून चुकीचं केलेलं चालत नाही.

डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट मारायचा नाही, नुसतं सावधान व्हायचं. नव्या पोरांची ही हमखास चूक, आणि सिनेमा बघून आलेल्यांची जास्त.

रंगरुटानं फौजी बोली आधी ऐकायची असते, बोलायची नंतर. पंधरा दिवसांचा रंगरूट 'अपनी पलटन में तो ऐसा चलता है' म्हणायला लागला की जुने जवान त्याला तासभर तसंच बोलतं करतात आणि मजा बघतात.

हुकूम कसा ऐकायचा

परेडचा जवळजवळ प्रत्येक हुकूम दोन तुकड्यांत येतो. पहिला लांबवलेला, सावध करणारा: 'दाहिनेऽऽ'. मग क्षणभर थांबून दुसरा, तुटक: 'मुड!' हालचाल दुसऱ्या तुकड्यावर. पहिल्याच तुकड्यावर जो हलतो तो अख्ख्या रांगेत उठून दिसतो. 'पीछेऽऽ मुड', 'तेजऽऽ चल', 'लाइनऽऽ तोड', सगळ्यांचा साचा हाच. 'तेज चल'ला डावा पाय आधी, ३० इंचांचं पाऊल, मिनिटाला १२०. डावा पाय आणि डावा हात एकत्र जाणारे दरवेळी दोन-चार निघतातच. यावर घरीच उपाय करता येतो: चालताना आधी फक्त उजवा हात डाव्या पायाबरोबर जोडा, डाव्या हाताचा विचारच करू नका, तो आपोआप बसतो.

'जैसे थे' हा हुकूम म्हणजे आधीचा हुकूम रद्द, होता तिथं परत. तुकडी चुकली की उस्ताद हेच म्हणतो आणि पुन्हा पहिल्यापासून. हा शब्द माणसाला इतका चिकटतो की पेन्शनीत आलेला माणूस भावकीच्या बैठकीतही कुणी घरातून निघाला की 'जैसे थे' म्हणतो.

आपल्या पोरांची खरी फजिती होते 'गिनती कर'ला. रांगेतल्या प्रत्येकानं आपला आकडा ओरडायचा. एक, दो, तीन, चार, इथवर सुरळीत. सातव्यापर्यंत कसंबसं. अकराव्याच्या तोंडून 'अकरा' निघतो, बाराव्याला 'बारह' आठवत नाही, रांग तुटते, आणि 'जैसे थे, फिर से गिनती कर'. म्हणून जाण्याआधी एक ते चाळीस हिंदीत पाठ करा, आणि तेही क्रमानं नाही. घरच्या कुणाला तरी मधलेच आकडे विचारायला सांगा. दगा देणारे आकडे ठरलेले: उन्नीस, उनतीस, उनतालीस, पैंतीस, सैंतीस, अडतीस. आकडा मान न वळवता, समोर बघून, एका दमात.

पुढे सेक्शनची, म्हणजे प्लाटूनमधल्या लहान गटाची, जबाबदारी आली की 'नफरी' द्यावी लागते. नफरी म्हणजे माणसांचं बळ, किती आहेत, किती हजर. तिचा क्रम ठरलेला: आधी एकूण, मग हजर, मग गैरहजर माणसांचा हिशोब कारणासकट.

'श्रीमान, नंबर दो प्लाटून, कुल नफरी अडतीस, परेड पर हाजिर पैंतीस, एक सिक रिपोर्ट, दो लंगर ड्यूटी।'

पस्तीस, एक आणि दोन मिळून अडतीस झालेच पाहिजेत. नव्या माणसाची चूक अशी होते की तो हजर माणसं मोजतो आणि एक कमी भरला की घाबरून आकडाच फिरवतो. समोरचा साहब बेरीज मनातल्या मनात करत असतो. माणूस सापडत नसेल तर तसंच सांगायचं. खोटी नफरी हा माणूस हरवण्यापेक्षा मोठा गुन्हा धरतात, कारण रेंजवर किंवा डोंगरात हाच हिशोब जीवाचा असतो.

वेळ चोवीस ताशी. साडेचार वाजता नाही, 'सोलह तीस बजे'. यात एक न लिहिलेली गोष्ट: साहबांनी सहाची वेळ दिली की प्लाटूनचा जेसीओ पावणेसहा सांगतो, हवालदार साडेपाच, आणि सेक्शन कमांडर सव्वापाचला सगळ्यांना उभं करतो. कुणी चिडून उपयोग नाही. आपल्याला शेवटच्या माणसानं सांगितलेली वेळच खरी.

रगडा

'रगडा' म्हणजे सामूहिक शिक्षा म्हणून दिलेली शारीरिक घासणी: फ्रंट रोल, क्रॉलिंग, डबल मार्च, किंवा पाठीवर सामान भरून पळवणं, ज्याला 'पिठ्ठू' म्हणतात. 'आज पिठ्ठू लागला' हे वाक्य घरच्यांनी फोनवर ऐकलं तर रडारड करायचं कारण नाही. तो आजारी नाही, दमलाय. पिठ्ठूत पाठ सोलते ती वजनानं कमी, पट्टे सैल ठेवल्यानं जास्त. जड सामान वर आणि पाठीला लागून, हलकं खाली, दोन्ही पट्टे सारखे ओढलेले, आणि मोजे कोरडे. एवढं पाळलं तर फोड निम्मे होतात. नडगीच्या हाडावर, बोटानं दाबलं की एकाच जागी कळ येत असेल, ती दुसऱ्या दिवशीही राहिली असेल, तर मात्र 'सिक रिपोर्ट' करा, म्हणजे आजारी असल्याचं कळवा. एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, जायला लाजून त्यावर पळत राहिलं तर हाडाला बारीक चीर जाते आणि मग आठवडे वाया जाऊन माणूस मागच्या बॅचला पडतो. त्याला 'रेलिगेट होणं' म्हणतात, आणि या शब्दाला पोरं रगड्यापेक्षा भितात. डॉक्टर 'अटेंड सी' लिहून देतो म्हणजे ठरावीक दिवस पूर्ण आराम. चिठ्ठी खिशात ठेवून मैदानावर मिरवायचं नसतं, ती लगेच प्लाटूनच्या हवालदाराकडे द्यायची.

कुणाला 'ढीला' म्हटलं तर फौजेत ती शिवीच. उलट 'चमको' म्हणजे चकचकीत, टर्नआऊट देखणा असलेला. बुटाला पॉलिश, पितळेला ब्रासो. पण ब्रासो कापडाला लागला तर पांढरा डाग राहतो, म्हणून बकलाखाली पुठ्ठा घालून घासतात. साध्या कपड्यांना 'मुफ्ती'.

हत्यार, कोत आणि चिंदी

बंदूक हा शब्द विसरा. 'हथियार'. तो ठेवायची खोली 'कोत', आणि तिच्यावरचा फीतवाला माणूस कोत एनसीओ. हत्याराचा नंबर स्वतःच्या आर्मी नंबराइतका पाठ हवा, कारण कोतमधून काढताना आणि जमा करताना तोच विचारतात.

सफाईला बसण्याआधी हत्यार रिकामं असल्याची खात्री, मॅगझिन काढून, चेंबर डोळ्यानं बघून. कितीही वेळा बघितलेलं असलं तरी. मग 'पुलथ्रू', म्हणजे एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला फासे असलेली दोरी. फाशात अडकवायचं फडकं ते 'चिंदी'. सफाईची चिंदी ४ इंच लांब, २ इंच रुंद. तेल लावायची ४ बाय दीड, कारण तेल पिऊन ती फुगते. यापेक्षा मोठी चिंदी घातली की ती नळीत अडकते आणि ओढून दोरी तुटली तर हत्यार आर्मोररकडे, म्हणजे दुरुस्तीवाल्याकडे, जातं, सोबत तुमचं नाव. वजन चेंबरकडून सोडायचं, तोंडाकडून बाहेर ओढायचं, एका दमात, मधे न थांबता. दोरी सरळ रेषेत ओढा. तिरकी ओढली तर ती नळीच्या तोंडाशी घासते, आणि वर्षानुवर्षं तसं झालं की नळीचं तोंड झिजून नेम बिघडतो. चिंदी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू.

रेंजवर 'ग्रुप' म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांचा घोळका किती आवळ आला ते. घोळका आवळ पण बाजूला असेल तर नेमबाज चांगला, साइट बिघडलेली. विखुरलेला असेल तर श्वास किंवा ट्रिगर चुकतोय. 'वॉशआऊट' म्हणजे गोळी टारगेटला लागलीच नाही. 'खोखा' म्हणजे रिकामं काडतूस. मारलेल्या गोळ्यांइतकेच खोखे परत मोजून द्यावे लागतात, एकही आठवण म्हणून खिशात घालायचा नाही. गावाकडं सुट्टीवर येताना खोख्याची किचेन आणणारे महाभाग असतात. झडतीत सापडलं की सुट्टी तिथंच संपते.

लंगर

जेवण जिथं मिळतं तो 'लंगर'. ठरावीक सणाला किंवा रेजिमेंटच्या दिवशी अफसरांपासून जवानांपर्यंत सगळे एकत्र जेवतात तो 'बडाखाना'. कोल्हापूरच्या पोराला पहिला महिना लंगरची भाजी बेचव लागते, तांबड्या रश्श्याची आठवण काढली की सगळी बराक हसते. घरून चटणी नेता येते, पण रंगरुटाच्या बक्सात खायचा पदार्थ सापडला की किट तपासणीत तो बाहेर येतो. विचारून न्या.

'किट लेआऊट' म्हणजे आपलं सगळं सामान सतरंजीवर ठरलेल्या जागी मांडून ठेवणं. एखादी वस्तू हरवली तर शेजाऱ्याची उसनी घेऊन मांडायचा मोह होतो. दोघांची तपासणी एकाच वेळी असते, हे लक्षात ठेवलं तरी पुरे.

घरच्यांसाठी: फोनवर काय ऐकू येतं

'पीस' म्हणजे शांततेतली छावणी, तिथं कधीकधी कुटुंब नेता येतं. 'फील्ड' म्हणजे सीमेकडची पोस्टिंग, कुटुंब नाही. 'एलसी' म्हणजे नियंत्रण रेषा. 'आरआर' म्हणजे राष्ट्रीय रायफल्स. 'टीडी' म्हणजे थोड्या दिवसांचं बाहेरचं काम. 'अक्लमटाईज होतोय' असं म्हणाला तर उंचीवरच्या विरळ हवेची शरीराला सवय लावणं चाललंय: ९ हजार फुटांवर गेल्यावर सहा दिवस, १२ हजारांवर आणखी चार, १५ हजारांवर आणखी चार. या दिवसांत त्याचं डोकं दुखणं, झोप न लागणं, जेवण न जाणं हे बऱ्याचजणांना होतं. पण खोकला आणि बसल्या जागी धाप लागत असेल तर ते त्यानं लपवू नये. घरून सांगायचं तर एवढंच सांगा.

कुठं आहेस, कधी निघणार, किती जण आहात, हे फोनवर विचारू नका. तो उत्तर टाळत असेल तर रुसायचं काही नाही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आमचा अमुक अमुक ठिकाणी पोचला' असा फोटो टाकणं तर अजिबात नको. २०२० च्या जुलैमध्ये लष्करानं फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप आपल्या माणसांच्या फोनमधून काढायला लावली होती, ती याच कारणानं.

पत्र किंवा पार्सल पाठवताना गावाचं नाव लिहायचं नसतं. नंबर, रँक, नाव, कंपनी, पलटण, आणि शेवटी '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ'. पुढचं लष्करी टपाल बघतं. कुरिअरवाले एपीओचा पत्ता घेत नाहीत, टपाल खात्यानंच पाठवा. राखी, दिवाळीचा फराळ महिनाभर आधी निघाला तर वेळेत पोचतो. बेसनाचे लाडू टिकतात, करंजीचा भुगा होतो.

सुट्टीचे दोन शब्द: 'एएल' वर्षाला ६० दिवस, 'सीएल', म्हणजे नैमित्तिक रजा, ३० दिवस. अग्निवीराला वर्षाला ३० दिवस रजा. सीएल दुसऱ्या सुट्टीला जोडता येत नाही, त्यामुळे लग्नाची तारीख काढताना आधी कुठली सुट्टी शिल्लक आहे ते विचारा, मग गुरुजींकडे जा. 'ओएसएल' म्हणजे सुट्टी संपूनही हजर न होणं. आर्मी ॲक्टच्या ३९व्या कलमाखाली तो गुन्हा आहे. सुट्टीवर असताना आजारपण किंवा घरी मयत झालं तर त्याच दिवशी पलटणीला फोन, पाठोपाठ लेखी अर्ज, आणि सरकारी दवाखान्याचा किंवा एमएचचा कागद. खाजगी डॉक्टरची चिठ्ठी नंतर आणून देणं हा सगळ्यात कमजोर पुरावा.

'पार्ट टू' सोडू नका

आता जरा रुक्ष, पण घरच्यांना सगळ्यात जास्त त्रास देणारा शब्द: 'पार्ट टू ऑर्डर'. लग्न, मूल, घटस्फोट, मृत्यू, कुटुंबात जे काही घडतं ते पलटणीनं पार्ट टू काढून नोंदवलं तरच फौजेच्या दृष्टीनं घडलं. तिथून ते बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला आणि पगाराच्या पीएओला जातं. कुटुंबातल्या माणसांची यादी तो 'किंड्रेड रोल'. पार्ट टू नसेल तर बायकोचं ना कॅन्टीन कार्ड होतं, ना पुढे ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), आणि नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर पेन्शन वर्षानुवर्षं अडकते.

आपल्याकडच्या तीन गोष्टी इथं नडतात. पहिली, लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत. आधारवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, पार्ट टूत तिसरंच, कारण जवानानं घरात हाक मारायचं नाव सांगितलं. लग्नानंतर आधी विवाह नोंदणी, मग आधार दुरुस्ती, मग पार्ट टू, हाच क्रम ठेवा, उलटा नको. दुसरी, आईचं नाव: शाळेच्या दाखल्यावर शांताबाई, आधारवर आक्काताई. ते भरतीच्या आधीच एक करून घ्यावं, नंतर प्रतिज्ञापत्रांची माळ लागते. तिसरी, आईवडिलांची जन्मतारीख. जुन्या पिढीत मास्तरांनी सरसकट १ जून टाकलेला असतो. तो चालतो, पण सगळ्या कागदांवर वर्षासकट तोच हवा.

पार्ट टू निघाली का हे जवानाला विचारा, आणि 'दिलाय अर्ज' यावर समाधान मानू नका. ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख मागून घरच्या वहीत लिहून ठेवा. अडलं तर कोल्हापुरातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज कसा लिहायचा ते सांगतं.

घोषणा

मराठा पलटणींची युद्धघोषणा 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय, टेंबलाई माता की जय'. दुसऱ्या भागातली ही देवी आपल्या टेंबलाईच्या टेकडीवरची. टेंबलाईवाडीकडं प्रादेशिक सेनेची १०९ इन्फंट्री बटालियनही आहे. घोषणा गंमत म्हणून, पार्टीत किंवा रील करायला द्यायची नसते. पलटणीतल्या माणसाला ते खटकतं, तोंडावर बोलला नाही तरी. मराठा जवानाला इतर रेजिमेंटवाले 'गणपत' म्हणतात, ते मात्र मनावर घ्यायचं नाही. पलटणीतले स्वतःही आपल्याला 'गणपत' म्हणवून घेतात. पहिली मराठा बटालियन 'जंगी पलटण' आणि दुसरी 'काली पाँचवीं' या नावांनी ओळखली जाते. जुन्या पेन्शनरनं पलटणीचं नाव असं सांगितलं तर नंबर परत विचारू नका, तेवढं माहीत आहे म्हटलं की माणूस खुलतो.

खोटा फौजी ओळखायचा असेल तर

घर भाड्यानं द्यायचंय, गाडी विकायचीय अशी जाहिरात टाकली की एक फोन हमखास येतो: मी आर्मीत आहे, कोल्हापूरला बदली झालीय, घर न बघताच पसंत. पाठोपाठ आयकार्डाचा, कॅन्टीन कार्डाचा, वर्दीतला फोटो. मग 'आर्मीचं पेमेंट वेगळ्या पद्धतीनं होतं' म्हणत क्यूआर कोड पाठवून स्कॅन करायला सांगतात.

इथं बोली कामाला येते, पण अर्धीच. पलटण कुठली, सेंटर कुठलं, सीएचएम कोण, असं सहज विचारलं की बहुतेक भामटे गडबडतात. 'मेरा रँक आर्मी ऑफिसर है' म्हणणारा तर तिथंच संपला. मात्र काहींनी शब्द पाठ केलेले असतात, त्यामुळे उत्तर बरोबर आलं म्हणून भरवसा ठेवू नका. खरा जवान अनोळखी माणसाला ओळखपत्राचा फोटो पाठवत नाही, त्याला ती मुभाच नसते. म्हणजे न मागता आलेलं आयकार्ड हाच संशयाचा पहिला पुरावा. आणि पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवून. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.